पाचवी सुई

भोगीच्या दिवशी सकाळी अक्का गेली. खोलीत मी आणि माझी बायको सुनंदा, असे दोघंच होतो. अक्काच्या पायांवर अर्धी उसवलेली वाकळ होती आणि उशाशी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात फ्लॅनेलच्या तुकड्याला टोचलेल्या सुया चार होत्या. पाच असायला हव्या होत्या. माणूस गेल्याबरोबर मी सुया मोजल्या हे वाचताना विचित्र वाटेल, पण आमच्या घरात वाकळेजवळून उठताना सुया मोजायच्या हा नियम होता, आणि तो अक्काचाच होता.

अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यावर ती आमच्या कळंब्याच्या घरी राहायला आली. मूलबाळ नव्हतं. माझी मुलगी मृणाल तिच्याच मांडीवर वाढली. वर्षातले इतर महिने ती नुसते काढायची, तिचं खरं वर्ष दिवाळीनंतर सुरू व्हायचं. उजाडलं की तपकिरी मफलर गुंडाळून ती तळ्याकडे जायची. तिचं हृदय कमकुवत झालं होतं आणि रोज चाला असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती मात्र औषध म्हणून चालत नव्हती. गुऱ्हाळाचा धूर कुठल्या बाजूला वळला, शेपटी हलवणारे धोबी पक्षी आले का, शेवरीची पानं कुठवर गळाली, हे ती बघून यायची आणि चहा पिता पिता आम्हाला ऐकवायची. ऊन गच्चीवर आलं की जुन्या लुगड्यांचे थर पसरून वाकळ शिवायला बसायची. तळ्याच्या ओल्या काठावर पक्ष्यांचे पाय उमटतात ना, पुढे तीन बोटं आणि मागे एक... तसे ठसे ती निळ्या दोऱ्यानं वाकळेच्या काठावर घालायची. आधी चालणं, मग शिवण. शिवताना मफलर खांद्यावरच असायचा आणि दोरा ओवून झाला की सुई तात्पुरती त्यालाच टोचलेली असायची. संध्याकाळी आवरताना अक्काची हाक यायची, "अरे हिशेबनीस, सुया मोज." मी मोजायचो. पाच भरल्या की डब्याला झाकण.

हे खूळ नव्हतं. आमची धाकटी बहीण शालन रांगत होती तेव्हा आईच्या वाकळेत राहिलेली सुई तिच्या गुडघ्यात गेली आणि आत मोडली. शालन आजही पाय ओढत चालते. त्या दिवशी वाकळेचं दुसरं टोक धरून अक्का बसली होती.

या हिवाळ्यातली वाकळ मृणालच्या बाळासाठी होती. सव्वा महिना झाल्यावर बाळ-बाळंतिणीला कुरुंदवाडला न्यायला व्याही मंडळी येणार होती. ती एक दिवस आधीच दारात उभी राहिली. अक्का तेव्हा तळ्यावर होती. सुनंदानं फोन करून तिला बोलावलं, ती धापा टाकत आली, आणि पाहुण्यांच्या गडबडीत गच्चीवरची वाकळ घाईघाईनं गुंडाळली गेली. वाकळ पुरी झाली होती. विहीणबाईंनी ती पाहिली, काठावरून हात फिरवला आणि खूश झाल्या. संध्याकाळी मी सुया मोजल्या. चार. पुन्हा मोजल्या. गच्ची झाडली, जिना झाडला, अंथरुणं उचलून झटकली. सुई नाही.

सकाळी गाडीत सामान भरताना अक्का वाकळ छातीशी धरून दारात उभी राहिली.

"न्हाय द्यायची. सुई सापडली की मी स्वतः घिऊन येतो."

"अवं, एका सुईचं काय घिऊन बसलाय?" विहीणबाई म्हणाल्या. "झटकली की पडंल."

"आमच्या शालनच्या गुडघ्यातनं न्हाय पडली ती."

"सगळ्या गल्लीला सांगून आलोय मी, आत्याआजीची वाकळ येणार म्हणून. द्यायचं मन नसंल तर तसं सांगा की सरळ!"

मृणाल रडायला लागली. बाळ जागं झालं. अक्का जागची हलली नाही. गाडी वाकळेशिवाय गेली आणि त्यानंतर कुरुंदवाडचे फोन मोजकेच येऊ लागले. येत तेही मृणालचे, तेही दबक्या आवाजात.

मी एका गॅरेजमधून मोठा लोहचुंबक आणला आणि वाकळेवरून उभा-आडवा फिरवला. काहीच लागलं नाही. "झालं समाधान?" मी विचारलं. अक्का म्हणाली, "तुझ्या चुंबकाच्या भरवशावर तू झोप. मी लेकराला झोपवणार न्हाय." थर जाड होते, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ती वाकळ उसवायला बसली. एक ओळ उसवायची, थर वेगळे करायचे, बोटांनी चाचपायचे, मग पुढची ओळ. आणि तिनं फिरणं बंद केलं. सुनंदा चिडायची, मी समजवायचो, डॉक्टरांचं नाव काढायचो. तिचं उत्तर एकच, "आधी सुई." घरात त्या दिवसांत कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. गच्चीवर ऊन यायचं, कापडाचा कर्र आवाज यायचा आणि आम्ही खाली कान देऊन असायचो की आता ती 'सापडली' म्हणून ओरडेल... अर्धी वाकळ उसवून झाली आणि भोगी आली. फिरणं थांबलं म्हणून ती गेली असं डॉक्टर म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही.

अक्काचं दिवसकार्य झाल्यावर पुढच्याच सकाळी सुनंदा ब्लेड घेऊन उरलेल्या अर्ध्या भागाशी बसली. म्हणाली, "आपणच उसवून टाकू. नाहीतर ही जन्मभर अशीच टोचत राहील." बरोबर होतं ते. पण त्या अर्ध्या भागातच अक्काचे टाके शिल्लक होते, आणि पक्ष्यांचे पाय. मी म्हणालो, "तळ्यावर जाऊन येतो, मग बसू." थंडी होती म्हणून खुंटीवरचा तिचा मफलर गुंडाळला.

काठावर म्हशींसाठी गवत कापणारी एक बाई होती. तिनं वळून पाहिलं.

"ओ पावणं, ह्यो मफलर अक्कांचा न्हवं?"

"व्हय. मी त्यांचा भाऊ."

"त्या कुठं हाईत मग? लई दिस झालं, दिसल्याच न्हाईत."

मी सांगितलं. तिनं विळा खाली ठेवला. मग स्वेटरच्या गळ्यापाशी हात नेऊन काहीतरी काढलं आणि तळहातावर माझ्यापुढे धरलं. सुई. तिला निळ्या दोऱ्याचा तुकडा अजून होता.

"माझ्या टाचंत काटा मोडलता. त्यांनी मफलरची सुई काढून दिली. मी काटा काढतोय तवर त्यांना फोन आला, घरी पावणं आलं म्हणून. तशाच पळाल्या. मी वरडलो की, 'अक्का, सुई!' न्हाय ऐकू गेलं. आज येतील, उद्या येतील म्हणून रोज लावून यायलोय."

मी तिथंच दगडावर बसलो. त्या सकाळी अक्कानं क्रम मोडला होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार म्हणून फिरायच्या आधीच शेवटची ओळ घालायला बसली असणार, आणि दोरा ओवून मफलरला टोचलेली सुई तशीच घेऊन बाहेर पडली असणार. स्वतःच्या हातानं दिलेली सुई तिला पुढे आठवली कशी नाही? मला एवढंच वाटतं की हरवलेल्या सुईची जागा तिच्या मनात लहानपणापासून एकच होती, वाकळेत. एकदा, फक्त एकदा ती पुन्हा तळ्यावर आली असती तर...

मी जवळजवळ धावतच घरी आलो. "थांब," म्हणून जिन्यातूनच ओरडलो. सुनंदानं एक ठसा उसवला होता. फक्त एक.

उसवलेला अर्धा भाग आम्ही दोघांनी शिवला. सुनंदाचा हात बरा आहे. माझा धावदोरा रस्ता चुकलेल्या मुंगीसारखा जातो. पक्ष्यांचे पाय आम्हाला जमले नाहीत, तो काठ तसाच कोरा ठेवला. सुनंदाच्या हातून उसवलेला ठसाही पुन्हा घातला नाही. गेल्या रविवारी वाकळ घेऊन कुरुंदवाडला गेलो आणि सगळं होतं तसं सांगितलं. विहीणबाईंनी वाकळ मांडीवर पसरली, डोळे पुसले, मग कोऱ्या काठाकडच्या टाक्यांवर बोट ठेवून विचारलं, "ह्ये कुणी घातलं?"

"मी."

"दिसतंयच की," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी बाळाला वाकळेत गुंडाळलं.

परत आलो तेव्हा अंधार पडला होता. अक्काच्या खोलीतला डबा उघडा राहिला होता. मी झाकण उचललं, तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनंदानं विचारलं, "मोजल्या का?"

मी फ्लॅनेलचा तुकडा दिव्याखाली धरला. निळा दोरा असलेली शेवटी मोजली.

"पाच," म्हणालो, आणि झाकण लावलं.