बंद खोलीतला आवाज

मी शिरूर तालुक्यात लग्नांचं शूटिंग करतो. भुताचं शूटिंग एकदाच केलं, तेही भर दुपारी, कोरेगाव भीमाजवळच्या एका घरात.

घरमालक माझा शाळेतला मित्र. आई वारल्यावर तो वडिलांना घेऊन नव्या बंगल्यात गेला आणि शेतातलं घर कंपनीच्या कामगारांना भाड्यानं दिलं. आईच्या सामानाची खोली तेवढी कुलूपबंद ठेवली. वर्षात दोन भाडेकरू पळाले. तिसरं बिहारकडचं जोडपं. दोघंही रात्रपाळीला जायची, दिवसा झोपायची. त्यातली बायको मला म्हणाली, "भैया, दीवार के पीछे कोई औरत बोलती है."

"तू कॅमेरा लाव. काय ते कळू दे," मित्र म्हणाला. खोलीला मागूनही एक दार होतं, पण त्याची किल्ली कवाच हरवलीय, असं तो म्हणाला. मी आत कपाटावर कॅमेरा ठेवला. समोर खाट आणि भिंत दिसत होती. आतल्या दाराला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली.

पहिल्या दिवशी तीन तास नुसती भिंत. दुसऱ्या दिवशी ते जोडपं आणि मी पलीकडे श्वास रोखून बसलो होतो. दोनच्या सुमाराला खाट करकरली. मग आवाज आला.

"अवो, कुठं हायसा? भाकरी निवली की."

मित्राच्या आईचा आवाज! तिच्या हातचं मी कितीदा जेवलो होतो. किल्ली खिशात होती, पण मी जागचा उठलो नाही. सगळं शांत झाल्यावर कसंबसं कुलूप काढलं. खोलीत कुणीच नव्हतं.

तिथंच उभं राहून शूटिंग पाहिलं. बराच वेळ काही नाही. मग भिंतीवर उजेडाची पट्टी रुंदावत गेली. तिच्यात एक सावली उतरली. भाडेकरूच्या बायकोनं माझं मनगट घट्ट धरलं. सावली पुढं सरकली आणि चित्रात मित्राचे वडील, आबा आले. खाटेवर बसले. मोबाइल कानाजवळ नेला, आणि ती बोलली. त्यांनी तेच पुन्हा लावलं. पुन्हा. दर वेळी "आलो, आलो" म्हणत होते.

संध्याकाळी मी आबांना एकटं गाठलं. मागच्या दाराची किल्ली त्यांच्याच खिशात होती. ते खाली बघत म्हणाले, "तिला लिव्हता येत नव्हतं, मोबाइलवर बोलून धाडायची. बंगल्यात सून, नातवंडं... लाज वाटती बाबा."

मित्राला मात्र ते शूटिंग दाखवावंच लागलं. तो बाहेर जाऊन ओसरीवर पाठ करून उभा राहिला. नंतर मला ते पुसून टाकायला लावलं.

ते जोडपं अजून तिथंच राहतं. दुपारी खाट करकरली की ती बाई उठून मागच्या दाराशी चहा नेऊन देते.