बायांचा चहा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, एरंडोलकडच्या एका बाजारगावात चहाचं दुकान काढलं आणि त्याच्या मागे दोन संडास बांधले. चहावर कुणाचा आक्षेप नव्हता.

बाजारात भाजी विकणाऱ्या बाया दिवसभर पाणीसुद्धा पीत नसत. अक्काने एकीला चहा विचारला, तेव्हा ती म्हणाली होती, "चहा पेसू ते जासू कथा, अक्का?" चहा प्यायला तर मग जायचं कुठे? पुरुषांना कोणतीही भिंत चालायची. बायांना कुठेच आडोसा नव्हता.

घरच्यांनी सुचवलं, फुकट ठेव, पुण्य लागेल.

"पुण्यानं संडास धुतला जातो का?" अक्का म्हणाली. "चार आणे घेईन. मग रोज बाई लावून धुता येईल."

जागा नानांनी मिळवून दिली होती. नाना गावचे पुढारी. अट एकच: दिवाळीपर्यंत धंदा चालला नाही, तर जागा पानवाल्याला. उद्घाटनालाही तेच आले. चहाच्या दुकानाची फीत कापून ते स्त्रीशक्तीवर दूध उतू जाईपर्यंत बोलले. संडास हा शब्द एकदाही आला नाही. "मागच्या बाजूचा उपक्रम" एवढाच उल्लेख झाला, तोही समोर बघत.

आणि बाया फिरकल्याच नाहीत. मी अमळनेरहून दर बाजाराला एसटीने मदतीला जायचो. रस्त्यावर 'बायांसाठी संडास' असा मोठा बाण काढलेली पाटी मीच रंगवली होती, आणि ती उत्तम दिसत होती. शेवटी अक्काने एका कांदेवालीला गाठून विचारलं, "का गं, येत का नाहीस?"

"कशी येऊ? तठे मना सासरा बठेल शे!"

खरंच होतं. वाट पुढच्या बाकड्यांमधून जात होती, आणि बाकड्यांवर निम्म्या बाजाराचे सासरे एकेका कपावर दिवस काढत बसलेले. शिवाय माझा बाण.

अक्काने त्याच आठवड्यात गवंडी बोलावला. मागची भिंत फोडून कांद्याच्या गल्लीत दार काढलं, तिथेच दुसरी चूल मांडली. पाटी चुलीत गेली.

दिवाळीआधीचा तो शेवटचा बाजार. कांदेवाली इकडेतिकडे बघून आत शिरली. बाहेर आली, तांब्याभर पाणी घटाघटा प्याली आणि पदराने तोंड पुसत म्हणाली, "आते दे चहा. पुरा कप दे, अर्धा नको!"

तिच्यामागे मिरचीवाली, तिच्यामागे मेथीवाली. मग रांगच. एकीने चहा पिऊन पुन्हा आत जायला चार आणे काढले, तेव्हा सगळी गल्ली हसली. "पे माय, पे! आते कसाना भ्याव?" दुपारच्या आत दूध संपलं. मी कुणाची तरी सायकल घेऊन डेअरीकडे सुटलो. आयुष्यात इतक्या जोरात मी कशासाठीही सायकल हाणली नव्हती. आणलेलं दूधही संपलं.

तेवढ्यात नाना आले, पानवाल्याला जागा दाखवायला. रांग पाहून थांबले. पानवाला तंबाखू मळू लागला.

"जागा मी दिली म्हणून झालं हे," नाना म्हणाले. "इथं आमच्या नावाची फरशी बसवा."

"बसवू की नाना," अक्का कपबशा विसळत म्हणाली. "दारं दोन आहेत, एक पुढचं चहाचं, एक मागच्या उपक्रमाचं. कोणत्या दारावर बसवू?"

रांगेतल्या बायांनी पदर तोंडाला लावले. नानांनी घड्याळ पाहिलं आणि चहा मागितला.

"दूध येऊ द्या," अक्का म्हणाली. "रांगेत उभे राहा."

मी पुन्हा सायकलवर बसलो.