जमनाबाईंची शिष्या

कमळाअक्का गेल्याची बातमी गेल्या महिन्यात धुळ्याहून आली, तेव्हा मी शेंगदाणे भाजत होते. ते करपून गेले… आणि आता मला हक्काने रागावणारं कुणी उरलं नाही, हेच पहिल्यांदा मनात आलं. अक्का माझी थोरली मावसबहीण.

आज धुळे-जळगावकडच्या चांगल्या घरच्या मुली कथक शिकतात. आमच्या लहानपणी पोरीने पायात घुंगरू बांधणं म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणं होतं. अक्काचे यजमान वकील, पण घरात वकिली चाले ती अक्काचीच. तिने भांडून परवानगी मिळवली आणि जमनाबाईंकडे शिकायला जाऊ लागली. जमनाबाई एकेकाळी मैफिलींत नाचत. मैफिली बंद पडल्या, लोकांनी तोंड फिरवलं, तरी नाचातले जुने तोडे आणि भाव त्यांनी एकटीने जपून ठेवले होते. ते सगळं शिकून अक्काने सरकीच्या रिकाम्या गोदामात मुलींचा वर्ग काढला.

पहिला जाहीर कार्यक्रम ठरला तेव्हा तो भरवणाऱ्या मंडळींनी एकच अट घातली. गुरू म्हणून उत्तरेकडच्या कुणा पंडिताचं नाव सांगायचं, जमनाबाईंचं नाही. खुद्द जमनाबाईही म्हणाल्या, "मन्हं नाव लेऊ नको, पोरी. तुन्ही बठ्ठी शाळा बुडी जाई."

"बुडू द्या," अक्का म्हणाली. "चोरीचा नाच मला नाचायचा नाही."

पडदा वर गेला तेव्हा तिने जमनाबाईंना हाताला धरून पुढे आणलं, त्यांच्या हातून घुंगरू घेतले, कपाळाला लावले आणि तिथेच बसून बांधले. पुढच्या रांगांतली सभ्य मंडळी धोतराचे सोगे सावरत निघून गेली. उरलेल्यांसाठी अक्का नाचली, आणि अशी नाचली की माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना. दुसऱ्या दिवशी गोदामात दोनच मुली आल्या. अक्काने त्यांनाच शिकवलं. बाकीच्या परतायला काही वर्षं गेली.

परवा धुळ्याला शोकसभा झाली. अक्काने ही कला चिखलातून वर काढली, असं एक वक्ते घोळून घोळून सांगत होते. तेवढ्यात तिची एक विद्यार्थिनी उठली. "अक्का जमनाबाईंच्या शिष्या होत्या," ती शांतपणे म्हणाली आणि नाव घेताना तिने कानाची पाळी धरली. गुरूचं नाव असंच घ्यायचं, ही अक्काची शिकवण. मग सभागृहात जागोजागी बायकांचे हात कानाशी गेले… मी जन्मात कधी नाचले नाही. माझाही गेला.