रिकाम्या जागेकडे बघणारी

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. लिफ्टमध्ये भेटली की आधी मोबाइल पुढे करते. "काका, ये देखो, अंतराळ दुर्बिणीचा फोटो!" जन्म दिल्लीतला, त्यामुळे मराठी अशी मिसळलेली. एकदा म्हणाली, "आकाशाचा बिल्कुल रिकामा तुकडा होता. दुर्बीण कित्येक दिवस तिथेच बघत राहिली, तर हजारो दीर्घिका निघाल्या!"

माझी पत्नी गेली, तेव्हा लोक भेटायला येत आणि 'येतो' न म्हणताच उठत. सुतकाच्या घरात तशी रीतच आहे. तिच्या खुर्चीकडे कुणी बघत नसे. ही मात्र खुर्चीसमोर बसून बराच वेळ तिच्याकडेच बघत राहिली आणि उठताना म्हणाली, "अच्छा काका, उद्या येते." माझी बहीण दचकली. असं म्हणायचं नसतं, हे हिला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच आली. पुन्हा तिथेच बसली.

"काकू इथे बसून काय करायच्या?"

"मटार सोलायची," मी म्हणालो. "अर्धे स्वतःच खायची."

पत्नी गेल्यापासून तिच्याविषयी मी पहिल्यांदाच बोलत होतो.

ती हसली नाही. खुर्चीवरची नजर न काढता म्हणाली, "अच्छा. आणि?"