मापावरची मूठ

वेल्ह्याच्या बाजारात पासली गावाकडची एक आजी तांदूळ विकायला बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. माप ती शिगोशीग भरते, वरून दाणे ओघळायला लागले की मगच पिशवीत ओतते आणि त्यावर आपणहून आणखी एक मूठ टाकते.

परवा हातातला बिस्किटाचा पुडा नाचवत मी तिच्यासमोर तावातावाने बोलत होतो. "किंमत तीच, पण बिस्किटं दोन कमी आणि आत नुसती हवा! लुटतात हो आपल्याला!"

ती माप भरता भरता "व्हय, व्हय" म्हणत होती. माप पिशवीत ओतून तिने वरची मूठही टाकली. तेवढ्यात माझ्या तोंडून सवयीने गेलंच, "आजी, अजून एक मूठ टाका की."

तिने आधी पुड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दादा, त्या दुकानात बी मागितली व्हती का मूठ?"

दुकानात मी निमूटपणे पैसे देऊन वर 'थँक्यू' म्हणालो होतो.

ती हसली आणि मूठ भरू लागली. शरमेने माझी मान खाली गेली. खाली बघतो तर पिशवीचं तोंड मी अजून उघडंच धरलेलं होतं.