फक्त माझं ऐकायचं

आमच्या येळ्ळूरच्या लोकांना रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला हाक मारल्याशिवाय चैन पडत नाही. मी सांगतोय ती गोष्ट ऐंशी सालानंतरच्या काही वर्षांतली, पण आठवली की अजून माझं डोकं तापतं. "कुठं चाललास?", "जेवलास काय?", "म्हस किती दूध देती?" माणूस चालत असेल तर ठीक आहे. सायकलवर असेल तर एक पाय टेकून उत्तर देईल. पण मोपेड रस्त्यावर काढून आठ दिवस झालेल्या अठरा वर्षांच्या पोरीला कुणी म्हशीबद्दल विचारतं का?

ती पोरगी म्हणजे माझी धाकटी बहीण. बेळगावच्या कॉलेजात तिचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला सुरू व्हायचं आणि गावातली पहिली बस वेळेवर आली तर आम्हालाच चुकल्यासारखं वाटायचं. मी उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होतो. तिथल्या एका कारकुनाची जुनी मोपेड मी तिच्यासाठी घेतली. आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे मुळीच पसंत नव्हतं. शेवटी एका अटीवर तयार झाले. "एकदा जरी पडली, तर गाडी बंद. मग मला कुणी काय सांगायचं न्हाय."

म्हणून पंधरा दिवस मी तिला माळावर शिकवलं. ब्रेक, वळण, सगळं चार दिवसांत आलं. मान मात्र ऐकेना. कुणी हाक मारली की तिची मान वळायची, एक हात वर जायचा आणि गाडी सरळ बांधाकडे निघायची. मग मी बाजूनं धावत कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांचे आवाज काढायचो. "काय गं पोरी, आई बरी हाय काय?" वळली की फेरी पुन्हा पहिल्यापासून. ती रडकुंडीला यायची, मी तिच्यावर खेकसायचो. "रस्त्यावर कुणाचं ऐकायचं न्हाय," मी बजावलं, "फक्त माझं ऐकायचं." या वाक्यावर मी स्वतःच खूश होतो.

ती शिकली. देवळाच्या कट्ट्यापुढून नाकासमोर बघत जायला लागली आणि गावाला मिरच्या झोंबल्या. कट्ट्यावरचे एक आजोबा रोज संध्याकाळी मला गाठायचे. "गाडी आली म्हणून माणसं दिसंनात व्हय तुझ्या बहिणीला?"

"आजोबा, वळून बघितलं तर पडंल ती."

"म्हंजे हाकंला ओ बी द्यायची न्हाय? लई शानी झाली."

समजावून सांगितलं, हात जोडले, एकदा तर भांडलोसुद्धा. काही उपयोग नाही. आईसुद्धा म्हणायला लागली, लोक नावं ठेवतात, निदान मान तरी हलवू दे तिला. अरे, मान हलवायची नाही एवढाच तर मुद्दा होता! घरातल्या माणसालाही तो पटेना, याचा मला जास्त संताप यायचा.

दीड महिना ती एकदाही पडली नाही.

मग एका सकाळी ती निघाली तेव्हा मी दारात दात घासत उभा होतो. वळणावर कुणीतरी खडीचा ढीग टाकला होता. तो तिलाही दिसला होता. तिनं गाडी हळू केली होती आणि बाजूनं नीट काढत होती. तरी मला राहवलं नाही. तोंडातलं मंजन थुंकून मी जोरात ओरडलो, "हळू जा गं!"

तिची मान वळली.

उचलायला सगळ्यात आधी धावले ते कट्ट्यावरचे आजोबा. तिचं मनगट मोडलं होतं, हनुवटी फुटली होती. "तिला कुणी बोलू नगासा, पोरगी भ्यालीया," असं ते जमलेल्या लोकांना सांगत होते.

संध्याकाळी प्लॅस्टर घालून तिला घरी आणलं. "कशी पडलीस?" आप्पांनी विचारलं.

"माझंच ध्यान न्हवतं, आप्पा."

माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. मी तिथंच, दोन हात अंतरावर उभा होतो. तोंड उघडायला हवं होतं. पण आप्पांचा राग लहानपणापासून ठाऊक, म्हटलं जरा निवळू दे, उद्या सांगू. आप्पांनी मोपेडची चावी माझ्यापुढे टाकली. "उद्यापास्नं तू ने कारखान्याला." मी ती उचलली. त्या क्षणाची मला आजही लाज वाटते.

आठवड्यानं ती हात गळ्यात बांधून स्टॉपवर उभी होती, त्याच न येणाऱ्या बसची वाट बघत. मी तिच्या गाडीवरून समोरून चाललो होतो. तिच्याकडे बघायला मी मान वळवली.

"अण्णा," ती म्हणाली, "फुडं बघ."

चिडून नाही. मी माळावर सांगायचो, तसंच म्हणाली. मी पुढं बघितलं. त्या गाडीवरून मी पुढची सहा वर्षं कारखान्याला गेलो, आणि आप्पांना सांगायचं होतं ते कधीच सांगितलं नाही.