शुद्ध मराठीचा सूड

माझा नवरा मला गावठी म्हणाला. तेही चारचौघांत, लेकाच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर. ते डोंबिवलीचे, आमच्या घरी पहिल्यांदाच आले होते. मी हौसेनं विचारलं, "चाय हानू का?" माझं माहेर दिघाशीचं, आणि आमच्या गावात आणायला 'हानायचं' म्हणतात. पाहुणी दचकली. तिला वाटलं, ही बाई आता कुणाला तरी हाणते. तेवढ्यावर हसणं झालं असतं तर मीही हसले असते. पण हा सगळ्यांच्या वर आवाज काढून हसला आणि म्हणाला, "घाबरू नका, मारत नाही ती. गावठी आहे जरा. तू आत जा, बोलू नकोस जास्त."

मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं आणि ठरवलं, याला सोडायचं नाही.

आणि बोलणारा तरी कोण? निजामपुऱ्याच्या वस्तीत, कापडाच्या लूमच्या खडखडाटात वाढलेला गडी. याचं मराठी म्हणजे निम्मं कारागिरांचं हिंदी. "मैं बोला ना, शिफ्ट सुटल्यावर बघू," हे याचं शुद्ध! लग्न झालं तेव्हा याच माणसाला माझ्या बोलण्याचं कोण कौतुक. मी "मना न्हाय ठावं" म्हटलं की पुन्हा म्हणायला लावायचा. "मेल्या" म्हटलं की आणखी खोड्या काढायचा. आमचं निम्मं प्रेम त्या शिव्यांतच झालं. मग पन्नाशी जवळ आली, लूम जाऊन गोदाम आलं, घरात सोफा आला, आणि माझी जीभ तेवढी याला खुपायला लागली.

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं आणि म्हटलं, "आपण जेवून घ्यावे."

त्यानं मागं वळून बघितलं. "कोण आपण?"

आमच्या माहेरी नवऱ्याला 'तू'च म्हणतात, मीही तेच म्हणत आले होते. आता 'तू' बंद. बातम्या देणाऱ्या बाईसारखं बोलायला लागले. पहिले काही दिवस स्वारी खूश होती, "आता कसं!" म्हणाली. मग हळूहळू तोंड उतरलं. शुद्ध भाषेत भांडताच येत नाही हो. "आपण ओला टॉवेल पलंगावर टाकलात, याचा मला खेद वाटतो," म्हटल्यावर माणूस उत्तर काय देणार? टॉवेल उचलून वाळत घालायला जायचा. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. त्याचा पडलेला चेहरा बघून मला दोन घास जास्त जायचे.

पुढं पुढं तो माझ्या भावाला रोज फोन करायला लागला. "भात कसा हाय? पानी परला का न्हाय?" आमच्या बोलीत, मला ऐकू जावं म्हणून मोठमोठ्यानं. मी मिक्सर लावायची.

एकदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "चुकलं माझं. एकदा शिवी तरी घाल."

"अपमान बाहेरच्या खोलीत झाला," मी म्हटलं. "माफी इथे चालणार नाही."

महिने गेले. लग्नाची तारीख काढायला डोंबिवलीचे पुन्हा आले. पोहे झाले, आणि हा एकदम उभाच राहिला. कान लालबुंद. "मागच्या वेळी हिला मी गप्प बसवलं. हिच्या बोलण्यावरच मी भाळलो होतो, आणि तुमच्यासमोर त्याचीच लाज वाटली मला. चूक माझी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बोल गो आता."

या घटकेची मी किती वाट बघितली होती. चांगलं खणखणीत "मेल्या" म्हणायचं ठरवलेलं. तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "असू द्या, झालं ते झालं." पाहुण्यांसमोर संकोच वाटला असेल, असं मी मनाला सांगितलं. शिवाय इतक्या स्वस्तात याला सोडायचं तरी कशाला, असंही वाटलं. अजून थोडा वाळू दे.

दोन दिवसांनी तारीख सांगायला दिघाशीला गेले. वहिनी ओट्यावर सुकट निवडत बसली होती. लहानपणापासूनची माझी मैत्रीण, मग भावाची बायको झाली. तिच्यापाशी मी नेहमीसारखी फतकल मारून बसले आणि सुरू झाले. तारीख, हळदीचा मांडव, कुणाला कुठली साडी. किती दिवसांनी मनमोकळं बोलत होते. ती नुसती हं हं करत होती. मग तिचा हात सुकटीतच थांबला आणि डोळे भरून आले.

"बाय," ती म्हणाली, "माझ्याशी अशी बातम्यांतल्या बाईवानी कशाला बोलतंस गो? माझं काय चुकलं?"